पिजन रिव्हरच्या रानात चिंगीची शाळा

गुरुवार

मिशिगनमध्ये कोणालाही गाव विचारलं की तो आधी पंजा उघडतो. राज्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा आकारच हातमोज्याचा, त्यामुळे नकाशा प्रत्येकाच्या हातात. आमचं नोव्ही अंगठ्याच्या बुडाशी, आणि आम्ही निघालो होतो मधल्या बोटाच्या टोकाकडे, व्हँडरबिल्टला. आम्ही म्हणजे मी, माझा मावसभाऊ दादा आणि मागच्या पिंजऱ्यात चिंगी. चिंगी जातीने इंग्लिश सेटर, म्हणजे लपलेला पक्षी वासावरून हेरून थांबून दाखवणारं कुत्रं; वय दहा महिने, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. फ्लिंट येईपर्यंत तिचं कुंई कुंई अखंड चालू होतं.

दादा मूळचा मिरजेचा. इथे येऊन त्याला बरीच वर्षं झाली. आधी मासे, मग बंदूक, मग कुत्री, असा त्याचा प्रवास. बंदूक आता कपाटात गेली आहे, कुत्री मात्र वाढत चालली आहेत. मी पडलो पाखरं बघणारा माणूस, दुर्बीण गळ्यात अडकवून लांबून बघणारा. ऐन विणीच्या तोंडावर रानात कुत्री सोडायची, हे मला मुळीच पटलं नव्हतं. तसं मी दादाला बोललोही. तो म्हणाला, "तू ये तर खरं. मास्तरांना विचार. मला विचारू नकोस, मीच विद्यार्थी आहे."

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जायचं याला कारण होतं. 16 एप्रिल ते 7 जुलै या काळात मिशिगनमध्ये रानातल्या पक्ष्यांवर कुत्री शिकवायला बंदी असते, कारण ते दिवस अंड्यापिल्लांचे. आणि ज्या पक्ष्यावर कोवळं कुत्रं उत्तम शिकतं तो वुडकॉक दक्षिणेतून परततो मार्च संपता संपता, बर्फ हटायला लागला की. बर्फ हटणं आणि बंदी लागणं यांच्यामधल्या चिंचोळ्या खिंडीत सगळी शाळा उरकायची.

वुडकॉक म्हणजे आपल्या पाणलाव्याच्या भाऊबंदांतला. चिखलात लांब चोच खुपसणारा, पण चिखल सोडून झाडीत राहायला गेलेला. गुबगुबीत, आखूड शेपटीचा, वजनाने दीड-दोनशे ग्रॅम. डोळे डोक्यात इतके मागे की चोच जमिनीत असतानाही पाठीमागचं दिसतं.

गेलॉर्डच्या आसपास हमरस्त्यावर पाटी लागते: 45 अंश अक्षांश, विषुववृत्त आणि उत्तर ध्रुवाच्या बरोबर मध्यावर. तिथून पुढे सावलीत बर्फाचे मळकट पट्टे दिसायला लागले. "या व्हँडरबिल्टला 1934 च्या फेब्रुवारीत उणे 51 फॅरनहाइट झालं होतं," दादा अभिमानाने म्हणाला. म्हणजे उणे 46 सेल्सियस, मिशिगनमधला नीचांक. गाडीत हीटर चालू असूनही मी जॅकेटची चेन वर ओढली.

मास्तर हे दादाने ठेवलेलं नाव, चिंगीला शिकवणार ते हेच. गृहस्थ सत्तरीचे, मोटारींच्या कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. हात मात्र बघत राहावेत असे, जाडजूड आणि कमालीचे हलके. त्यांची लाकडी केबिन पिजन रिव्हर कंट्रीच्या कडेला आहे. एक लाख एकरांहून मोठं हे सरकारी जंगल. पोहोचलो तेव्हा ते दारातच उभे होते. आम्हाला हात करण्याआधी त्यांनी चिंगीच्या पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

सूर्य सव्वाआठला मावळला. त्यानंतर मास्तर आम्हाला एका मोकळ्या माळावर घेऊन गेले आणि ओठांवर बोट ठेवून उभं केलं. पंधरा-वीस मिनिटांत गवतातून आवाज आला, नाकात बोलल्यासारखा: पीन्ट. थोड्या वेळाने पुन्हा पीन्ट. मग एक काळा ठिपका गवतातून सुटला आणि मोठमोठी वेटोळी घेत वर चढू लागला. वर जाताना जी किणकिण ऐकू येते ती गळ्यातली नाही. पंखांच्या टोकाची तीन पिसं अरुंद असतात, त्यांच्यातून हवा जाताना ती वाजते. शंभरेक मीटरवर ठिपका दिसेनासा झाला, मग चिवचिवत, हेलकावे खात खाली आला आणि शेवटचा टप्पा अगदी गुपचूप उतरून होता तिथेच बसला. पुन्हा पीन्ट. मादीसाठी नर हे रोज संध्याकाळी आणि पहाटे करतात. 1968 पासून दर वसंतात अमेरिका आणि कॅनडात ठरलेल्या रस्त्यांवर माणसं या वेळी फिरतात, दहा ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबतात आणि हे पीन्ट मोजतात. आकडा तेव्हापासून बराच उतरला आहे. मुख्य कारण असं की कोवळी जंगलं म्हातारी झाली आणि नवी कोवळी तयार होईनात.

शुक्रवार

सकाळी उणे तीन. थालीपीठ तव्यावर आणि मास्तर टेबलाशी. वहिनीने डबाभर भाजणी दिली होती. मास्तरांनी पहिला घास लसणाच्या चटणीबरोबर घेतला, पाणी प्यायले, आणि दुसऱ्या घासावर सरळ मेपल सिरप ओतलं. शेजाऱ्याच्या रानातलं, गेल्याच महिन्यात आटवलेलं. मीही खाऊन पाहिलं. वहिनीला सांगणार नाही, पण बरं लागतं.

बर्फ थोडा मऊ पडल्यावर निघालो. वुडकॉकचं रान दिसायला काही खास नसतं. मनगटाएवढ्या खोडांचे, दाटीवाटीने वाढलेले ॲस्पेन. इथले लोक त्याला पॉपल म्हणतात. खालच्या ओलाव्यात अल्डरची वेडीवाकडी झुडपं. पॉपल तोडला की त्याच्या मुळांतून शेकडो धुमारे फुटतात, आणि दहा-पंधरा वर्षांची अशी दाट वाढ वुडकॉकला आणि ग्राउसला, म्हणजे इथल्या रानकोंबडीला, फार मानवते. म्हणून जंगल खातं तुकड्या-तुकड्याने तोड करत राहतं. झाड तोडलं की जंगल गेलं असं समजणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचवायला वेळ लागतो.

मास्तरांनी वाकून एक पान उचललं. त्यावर चुन्याचा शिंतोडा पडावा तशी पांढरी विष्ठा होती, आणि शेजारी चिखलात पेन्सिलीच्या जाडीची भोकं. वुडकॉक इथे गांडुळं काढत होता. चोचीचं टोक त्याला जमिनीच्या आतच उघडता येतं. गंमत म्हणजे हिमयुगातल्या बर्फाखाली गेलेल्या या भागात मूळची गांडुळं जवळपास नव्हतीच. आज वुडकॉक खातो ती बहुतेक युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आलेली.

चिंगीच्या गळ्यात पितळी घंटी. मास्तरांकडे उपग्रहावरून कुत्र्याचा ठावठिकाणा सांगणारा पट्टाही आहे, पण तो कुत्रं हरवलं तर शोधायला. शिकवायला घंटीच. घंटी वाजते आहे तोवर कुत्रं फिरतं आहे. वाजायची थांबली की पॉइंट, म्हणजे पक्ष्याचा वास लागून कुत्रं जागच्या जागी उभं. दोरी सैल जमिनीवर ओढत, वाऱ्याकडे तोंड करून चिंगी सुटली.

पहिली तीस पावलं सुंदर. मग तिने अचानक मान वळवली, अर्धा क्षण थांबली, आणि थेट झुडपात उडी. किणकिणत एक वुडकॉक वर गेला, आणि चिंगी त्याच्यामागे, घंटी खणखणत, पार दिसेनाशी. दादाने शिट्टी तोंडाला लावली. मास्तरांनी हलकेच त्याचा हात खाली केला.

"काही करायचं नाही?" दादा.

"करतोय ना. पक्षी करतोय."

चिंगी पाच-दहा मिनिटांनी परत आली. जीभ हातभर बाहेर, चेहरा अपराधी वगैरे मुळीच नाही. मास्तरांनी तिला पाणी पाजलं आणि पुन्हा सोडलं. दुपारपर्यंत हेच चाललं. मधल्या वेळात जे बोलले ते थोडक्यात असं. कुत्र्याने घाई केली की पक्षी उडतो, कुत्र्याला काहीच मिळत नाही. पाठलाग करून पाहतं, तरी मिळत नाही. वसंतात बंदूक नसते, त्यामुळे उडालेला पक्षी पडतही नाही. असं होता होता त्याच्या ध्यानात येतं की जवळ जाणं फुकट आहे. वासावर थांबलं तरच पक्षी जागेवर राहतो. हा धडा ओरडून देता येत नाही, आणि विजेच्या पट्ट्याने तर अजिबात नाही. ऐन पक्ष्यापाशी झटका बसला की कोवळं कुत्रं त्याचा दोष पक्ष्याला देतं, आणि पुढे वास आला की तोंड फिरवून दुसरीकडे जातं. त्याला ब्लिंक करणं म्हणतात. असं बिघडलेलं कुत्रं सुधारणं महाकठीण.

वुडकॉकच का, तर तो रंगावर विसंबून दबून बसतो, कुत्र्याला चार चुका माफ करतो. ग्राउस एकही करत नाही. कुत्रं वीस-पंचवीस पावलांवर असतानाच फुर्रकन जातो. वुडकॉक ही पहिलीची इयत्ता, ग्राउस दहावीची.

एक मात्र मी मुद्दाम पाहत होतो. उडालेला पक्षी कुठे उतरला ते मास्तर बघायचे आणि त्या बाजूला पुन्हा जायचेच नाहीत. एक पक्षी, एक उड्डाण. एका रानात तासाभरापेक्षा जास्त थांबणं नाही, आणि तिथे परत आलो तर पुढच्या वर्षी.

शनिवार

पाऊस, मग गारा, मग बर्फ, मग ऊन, मग पुन्हा पाऊस. कुत्री केबिनमध्ये, ओल्या केसांचा वास सगळीकडे. दुपारी एक उघडीप मिळाली तेव्हा मास्तरांची म्हातारी सेटर, पर्ल, हिला फिरवायला नेलं आणि वाटेत साळिंदर लागलं. मास्तर एरवी सावकाश चालणारे, पण या वेळी पर्लचा पट्टा धरायला असे झेपावले की मी बघतच राहिलो. इथलं साळिंदर झाडावर चढतं आणि त्याच्या काट्यांना आकडे असतात, तोंडात घुसले की आत-आत सरकतात. पक्कड म्हणूनच प्रत्येकाच्या खिशात असते. पर्लला लागलं नाही. झाडावर बसलेल्या साळिंदराने आमच्याकडे पाठ फिरवली आणि साल खाणं चालू ठेवलं.

संध्याकाळी एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, दिसले, दूरच्या माळावर, सात-आठ माद्या. इथले मूळचे एल्क एकोणिसाव्या शतकातच संपले होते. 1918 मध्ये पश्चिमेकडून सात आणून सोडले, त्यांचा हा वंश.

रात्री मास्तरांनी एक डबी उघडली. आत दोऱ्यात ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक कड्या, प्रत्येकीवर आकडे. मिशिगनमध्ये वुडकॉकच्या पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचं काम 1960 च्या दशकापासून चालू आहे आणि ते करतात बहुतेक हौशी लोक, आपापल्या पॉइंट करणाऱ्या कुत्र्यांबरोबर. परवाना लागतो, शिकाऊ उमेदवारी करावी लागते, कुत्रंही तपासलं जातं. बंदीच्या काळात रानात कुत्रं नेण्याची मुभा त्यांना त्या परवान्यामुळे. काम असं: मादी पिल्लांवर बसलेली असते, कुत्रं लांबूनच पॉइंट करतं आणि मग दगड होतं. मादी पाय लोंबकळत ठेवून, जखमी असल्यासारखी उडते, आपल्याला भुलवायला. पिल्लं जागच्या जागी निपचित. माणसाने पाऊल टाकण्याआधी प्रत्येक पान डोळ्यांनी चाळायचं, कारण पिल्लू बुटाखाली येऊ शकतं. आणि कुत्र्याने एक पाऊलही टाकायचं नाही. मग पिल्लू उचलायचं, कडी घालायची, चोच मोजायची, सोडायचं.

"चोच कशाला?" मी विचारलं.

मास्तरांनी कारखान्यातली जुनी पोलादी पट्टी काढली. अंड्यातून निघताना पिल्लाची चोच सुमारे 14 मिलिमीटर असते आणि दिवसाला सुमारे 2 मिलिमीटर वाढते. 24 भरली तर पिल्लू पाच दिवसांचं. दोन आठवड्यांत ते थोडंफार उडायला लागतं, पुढे हाती लागत नाही. आयुष्यभर हजारांश इंचाचं काम केलेला माणूस आता जंगलात गुडघ्यावर बसून चोची मोजतो, याचं मला काय अप्रूप वाटलं!

दादा तेवढ्यात म्हणाला, "चिंगीला यासाठीच तयार करायचंय. बंदुकीसाठी नाही." हे त्याने मला गाडीत सांगितलं असतं तर माझे साडेतीन तासांचे टोमणे वाचले असते. पण दादाचं हे जुनंच आहे.

सेटर या जातीचा उगमही बंदुकीच्या आधीचा आहे. युरोपात हे कुत्रं पक्ष्यासमोर दबून बसायचं आणि शिकारी त्याच्यासकट सगळ्यावर जाळं टाकायचे. आपले फासेपारधी पाळलेला तितर बोलता ठेवून रानातले तितर फाशात आणत, तसा इथे कुत्र्याच्या नाकाचा उपयोग. आपल्या कारवान कुत्र्यांचा मार्ग वेगळा, ती डोळ्यांनी हेरतात आणि धावून गाठतात. चिंगीच्या रक्तात थांबणं आहे, ते फक्त वर यायला हवं.

रविवार

पाऊस रात्रीच थांबला होता. हवा ओली, वारा मंद. मास्तर म्हणाले, आज वास जमिनीलगत टिकून राहील. अल्डरच्या ओळीत मेंढीच्या लोकरीसारखे विलोचे कळे फुटले होते, आणि डबक्यातून बोटाच्या पेराएवढे बेडूक इतके किंचाळत होते की घंटी ऐकू येईना. लांब कुठेतरी ग्राउस पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख फडफडवत होता. तो आवाज कानाआधी छातीत जाणवतो. धप... धप... धप, मग वेग वाढत वाढत एकच घरघर. जुनं ट्रॅक्टर चालू होता होता बंद पडावं, तसं.

या वेळी पर्लला पुढे सोडलं, चिंगीला दोरीवर. पर्ल संथ चालते, म्हातारी झाली आहे. अल्डर संपून पॉपल सुरू होतो तिथे तिची घंटी थांबली. आम्ही वळसा घालून गेलो. पर्ल पुढचा एक पाय अर्धवट उचलून उभी. चिंगीने तिला पाहिलं आणि तीही थांबली, वास आलेला नसतानाही, केवळ पर्ल थांबली म्हणून. याला बॅकिंग म्हणतात. ते शिकवावं लागतं, पण काही कुत्र्यांत उपजत असतं. दादाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

वुडकॉक मास्तरांच्या बुटापासून हातभर अंतरावरून उडाला. चिंगीने दोन उड्या घेतल्या, दोरी ताणली गेली, आणि ती आपणहून उभी राहून पाहत राहिली. मास्तर तिच्याजवळ गेले, पोटाखाली हात घालून तिला उचललं, होती तिथेच पुन्हा ठेवलं आणि पाठीवरून एकदा हात फिरवला. शाबासकी, लाड, काही नाही.

दुसऱ्या रानात तिला एकटीला सोडलं. फार वेळ गेला नसेल. घंटी गप्प झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा चिंगी एका पडलेल्या फांदीपुढे कमान होऊन उभी होती. शेपटीचं टोक तेवढं थरथरत होतं. मान डावीकडे वळलेली, डोळे कशावर तरी रोखलेले. कशावर, ते मला दिसेना. जमिनीवर गेल्या वर्षीची पानं, तपकिरी, करडी, काही कडेला काळी पडलेली. मास्तरांनी काठीने न दाखवता फक्त हनुवटीने दाखवलं. तरी दिसेना. मग त्या पानांमध्ये मला एक डोळा दिसला. काळाभोर, ओला, मोठा. डोळा सापडला आणि भोवती पक्षी तयार झाला: डोक्यावर आडवे काळे पट्टे, पानांच्या देठांसारखी चोच छातीवर टेकलेली. मादी होती. चिंगीच्या नाकापासून जेमतेम दोन हात.

ती उडाली नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की ती अंड्यांवर बसली आहे. चार अंडी असतात, तीन आठवडे उबवावी लागतात. सुरुवातीला उठवलं तर घरटं टाकून जाण्याचा धोका जास्त.

मास्तर मागून गेले, चिंगीला अलगद कवेत उचललं आणि आल्या पावली मागे फिरले. चिंगीने हू की चू केलं नाही, मानेनेच मागे पाहत राहिली. पन्नास पावलं गेल्यावर त्यांनी तिला खाली ठेवलं, घंटी काढली आणि खिशात टाकली. म्हणाले, "संपलं या वर्षीचं."

"अजून दिवस आहेत की बंदीला," दादा म्हणाला. आवाजात थोडी लहान मुलासारखी कुरकुर होती.

"कायद्याचे आहेत. तिचे नाहीत."

माझ्या मनातली मूळ तक्रार त्या एका वाक्यावर निम्मी विरघळली, निम्मी अजून आहे. तारीख सरकार लावतं, ती सगळ्या राज्याला एकच. पक्षी आपल्या वेळेने बसतो, उबदार वर्षी आणखी लवकर. मास्तरांसारखी माणसं पहिलं घरटं दिसताच थांबतात, पण सगळेच मास्तर नसतात. बंदी आठवडाभर अलीकडे आणली तर कोणाचं काय बिघडेल, असं मला अजूनही वाटतं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, बर्फाच्या वर्षी मग रानात जायला आठवडाही मिळणार नाही, आणि न शिकलेलं कुत्रं शरद ऋतूत जास्त नुकसान करतं. दोन्ही बाजू मी लिहून ठेवतो आहे.

सोमवार

निघण्याआधी अंगणात सगळ्यांची गोचिड तपासणी. पांढऱ्या कुत्र्याचा हा मोठा फायदा, लगेच दिसतात. चिंगीच्या कानामागे दोन निघाल्या, दादाच्या मोज्यात एक, माझ्याकडे शून्य. त्यामुळे मी वाटभर उगाचच खाजवत होतो.

मास्तरांनी दादाला पुढचा अभ्यास दिला. जुलैपर्यंत रानात पाऊल नाही. घरच्या अंगणात पाळीव कबुतरं, पिंजरा दुरून उघडता येईल असा, आणि चिंगी उभी असताना कबुतर उडवायचं, ती हलली तर उचलून जागेवर ठेवायचं. रोज दहा मिनिटं, कंटाळा येण्याआधी बंद. बोलायचं कमीत कमी. हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण दादा किती बोलतो ते त्यांनाही ठाऊक आहे.

नोव्हीच्या सोसायटीत कबुतरं पाळायला परवानगी आहे का, हा विचार दादाला बे सिटीच्या आसपास सुचला. पुढचा सगळा रस्ता तो फोनवर सोसायटीची नियमावली मला मोठ्याने वाचायला लावत होता. कोंबड्यांना मनाई आहे, सशांना नाही. कबुतरांचा उल्लेख कुठेही सापडला नाही.

"नाही म्हणजे चालतं," दादा म्हणाला.

"वहिनीला विचारलंस?"

दादाने रेडिओ लावला.